बिनशेपटीचं आमेन

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

प्रभूत सलाम.

तुझं पत्र पोचलं. अक्षर पाहून आधी वाटलं, कुण्या डॉक्टरने मला औषध लिहून पाठवलंय. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की औषध देवाला पाजायचं आहे आणि चमचा मी धरायचा आहे.

मला समजलं ते असं. चुकत असेन तर कान पकड. तुझी लेक, सत्तावीस वर्षांची, जिला आपण अजून चिंगी म्हणतो आणि जी बिचारी अजून ओ देते, तिने समुद्रापलीकडच्या एका मिशन हॉस्पिटलात काम मागितलं आहे. तिकडे पाय गमावलेली माणसं पुष्कळ आणि पाय बनवून देणारं कुणी नाही. कृत्रिम पाय कसे बनवायचे ते तूच तिला तुझ्या वर्कशॉपात शिकवलंस, आणि आता ती ते दुसरीकडे जाऊन बनवणार म्हणते, हा तिचा गुन्हा. निवडीचं उत्तर महिनाअखेरीला यायचं आहे. तुझं देवाकडे मागणं असं, की उत्तर ‘नाही’ यावं. दोघांनी एकमताने मागितलं तर मिळतं असं प्रभूने सांगून ठेवलंय, म्हणून तुला जोडीला माणूस हवा. पाळकांना विचारून पाहिलंस. त्यांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली, विषय तेवढा घेतला नाही. मग माझी आठवण झाली. फोनवर मी नुसतं ‘हं, हं’ करतो, म्हणून लेखी हवं.

बाई गं, एवढं मोठं वचन, आणि ते वाचून तुला जामीन शोधावासा वाटला, हे तूच करू जाणे.

आमच्या संस्कृतात एक गंमत आहे. हुकूम सोडायचा असो, विनवणी करायची असो की आशीर्वाद द्यायचा असो, क्रियापदाचं रूप एकच. काय चाललंय ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. तुझी प्रार्थना वाचून देवाला ते ओळखायला फारसे कष्ट पडणार नाहीत.

तरी तू माझी एकुलती एक बहीण, तेव्हा मी मागेन. फक्त शेवटी एवढंच जोडेन: ‘पण तुझ्या मनात असेल तसं होऊ दे.’ त्याशिवाय माझी जीभ रेटत नाही.

माझं म्हणशील, तर माझंही त्याच्याकडे सध्या एकच मागणं आहे. एप्रिलअखेर शाळेतून निवृत्त होतो. त्यानंतर मला या खोलीतून कुणी हलवू नये. खाली सायकलचं दुकान आहे, दिवसभर ठोकाठोकी चालते, पण सकाळचं ऊन टेबलावरच्या शब्दकोशावर बरोबर येऊन बसतं. तीस वर्षं पोरांच्या चुका तपासल्या. आता स्वतःच्या सावकाश करीन म्हणतो.

तुझा,
दादा

९ फेब्रुवारी

दादा,

सलाम. शेपूट नको.

‘तुझ्या मनात असेल तसं होऊ दे’ हे मलाही म्हणता येतं. रविवारी चर्चमध्ये सगळेच म्हणतात आणि घरी जाऊन जेवतात. मला खरोखरचं मागायचं आहे. माणूस माझ्या खुर्चीत बसून म्हणतो, बाई, मला चालायचंय. मी त्याला ‘पाय बसला तर बसला, नाहीतर प्रभूची मर्जी’ असं सांगते का? मग माझ्या मागण्याला तू मागून लोंबतं काही लावू नकोस.

बाबांचा नियम विसरलास? आमेन ही सही आहे, जे पटत नाही त्याखाली करायची नाही. पाहुण्या पाळकांनी एकदा ‘या घरातल्या मुलांचं मन खेळातून उठो’ असं मागितलं, तेव्हा तू एकटा तोंड मिटून बसला होतास. आई लाजेने अर्धी झाली आणि बाबांनी सगळ्यांदेखत तुझी पाठ थोपटली.

आमच्या टेबलावर तोच नियम चालतो, त्यामुळे सध्या आमच्याकडे आमेन बंद आहे. संध्याकाळी जेवायच्या आधी चिंगी मोठ्याने म्हणते, “प्रभू, मला तिकडे ने.” मी गप्प. मग मी म्हणते, “प्रभू, घरचं माणूस घरी राहू दे.” ती गप्प. मग दोघी एकमेकींना भाजी वाढतो. काल ती म्हणाली, “आई, तू देवाशी बोलतेस की मला ऐकवतेस?” मी म्हटलं, “टेबल एकच आहे, ज्याला ऐकू येईल त्याने ऐकावं.”

तुला वाटत असेल, मला तिला सोडवत नाही. वाटू दे. कारणं सांगत बसायला मला वेळ नाही, सहा माणसं पायासाठी थांबली आहेत.

अक्षराचं म्हणशील तर पेन खराब आहे. हो की नाही तेवढं कळव.

धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

सलाम. पेनाची कैफियत नोंदवून घेतली. सोबत एक नवं पेन पाठवतोय. आमच्या मुख्याध्यापकांनी मला निवृत्तीनिमित्त आगाऊ दिलेलं आहे. तीस वर्षं मी त्यांच्या सूचनापत्रकांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्या, म्हणून पेन निळ्या शाईचं आहे.

तुझ्या पत्राने माझी पंचाईत केली. तुझं म्हणणं खोटं नाही. आम्ही शिकलेली माणसं देवाला काही मागायच्या आधीच नकाराची तयारी करून ठेवतो, म्हणजे मग चारचौघांत तोंडघशी पडायला होत नाही. त्याला आम्ही श्रद्धा म्हणतो. तू थेट दार ठोठावतेस. शेजारीपाजारी जागे होतात हे खरं, पण ठोठावतेस.

आता माझं काय? घरी राहणारी भाची मला आवडेल का? आवडेल. जाणारी भाची आवडेल का? तीही आवडेल. मामांचं असंच असतं, म्हणून त्यांना कुणी घरातल्या निर्णयांत घेत नाही. तू घेतलंस, याबद्दल आभारी आहे.

तेव्हा तुझ्या मागण्यात मी सामील आहे असं समज. शेपूट काढलं.

आयांना लेकीचा लळा सुटत नाही, हे कळण्याइतकं मला जग समजतं. त्यासाठी कारणं द्यायची गरज नाही.

दादा

१६ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

तुझ्या मामाला या महिन्यात फार भाव आला आहे. पंधरवड्यात दोन बायका त्याच्याकडे प्रार्थनेची जोडी मागायला आल्या, आणि दोघी एकाच टेबलावर जेवतात.

तूही तेच वचन काढलंस, तोच अर्थ काढलास, आणि मागणं मात्र बरोबर उलटं. तू तुझ्या आईची मुलगी आहेस याबद्दल कुणाच्या मनात शंका असेल तर ती मिटावी.

तू लिहितेस, तिकडच्या फोटोतला तो म्हातारा कुबड्या टेकून दारात उभा आहे, तो तुझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी समजू शकतो. माझ्या डोळ्यांपुढून शब्दकोशाची सुधारलेली आवृत्ती जात नाही. प्रत्येकाला देवाने झेपेल तेवढंच दिलेलं असतं.

तर ऐक. तुझ्याही मागण्यात मी सामील आहे असं समज. आईला सांगू नकोस. मी कुणाच्या बाजूचा आहे हे देवाला नीट माहीत असावं एवढीच आशा, कारण मला माहीत नाही.

आई कडक बोलते ते मनावर घेऊ नकोस. तिला तुझ्याशिवाय करमणार नाही, बाकी काही नाही.

तुझा,
मामा

२३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

माझी निवड झाली. गुरुवारी फोन आला.

आईला मी सांगितलं, झाली नाही.

आता तू चष्मा काढून पुसशील आणि पुन्हा वाचशील, म्हणून सरळ सांगते. आईचा उजवा हात कापतो. कधीपासून ते मला ठाऊक नाही, मी डोळे असून आंधळी, मला गेल्या आठवड्यात दिसलं. साच्यावर कानस चालवताना ती मनगट मांडीला दाबून धरते. चहाचा कप अर्धाच भरते. लिहायचं असलं की मला बाहेर पाठवते.

शाळेची बस चालवणारे काका आहेत ना, त्यांच्या नव्या पायाचं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, आईने स्वतः घासली. एका बाजूला खोल गेली. काकांना ते टोचत होतं, पण ते भिडस्त, म्हणाले, “छान आहे, बाई.” आई म्हणाली, “प्लास्टरच हलकं आलंय हल्ली.” रविवारी ती चर्चमधल्या बायकांच्या सभेला गेली, तेव्हा मी काकांना बोलावून ती वाटी पुन्हा केली. त्यांना सांगितलं, काही बोलू नका. ते म्हणाले, “पोरी, मी बोलतो कुठे?”

म्हणजे ‘घरचं माणूस घरी राहू दे’ हे आई उगाच म्हणत नव्हती. मी रोज समोर बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, ती हट्ट करतेय.

मी हॉस्पिटलला फोन करून नको म्हणून सांगितलं. मी देवाला म्हटलं होतं, मला ने. तो हो म्हणाला, आणि मीच नाही म्हटलं. आता मला कळत नाही, यात त्याची मर्जी कोणती आणि माझी कोणती. तू शिकलेला आहेस. तुला कळत असेल तर कळव. पण आईला यातलं काही कळवू नकोस.

चिंगी

२५ फेब्रुवारी

दादा,

सलाम. आपलं मागणं ऐकलं गेलं. चिंगीची निवड झाली नाही. तू जोडीला होतास, म्हणून तुला कळवणं माझं कर्तव्य.

पेन पोचलं. चांगलं चालतं.

आता दुसरं. चिंगी कामाला लागली आहे, काही कुरकुर नाही. पण संध्याकाळी मी काहीही म्हटलं की ती लगेच आमेन म्हणते. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणतो तसं. परवा मी मुद्दाम म्हटलं, “प्रभू, या घराच्या छपरावर एक हत्ती उतरू दे.” ती म्हणाली, “आमेन.” मग भाजी वाढली.

दादा, या पोरीने आयुष्यात मला खोटं आमेन ऐकवलं नव्हतं. लहानपणी मी ‘हिला कारलं आवडू दे’ म्हणायचे, तेव्हा ओठ गच्च मिटून बसायची. ती आमेन म्हणत नव्हती तेव्हा टेबलावर आम्ही दोघी होतो. आता मी एकटीच जेवते असं वाटतं.

एक विचारते. हसू नकोस. देव कधी कंटाळून ‘घे बाई’ म्हणतो का? म्हणजे द्यायचं त्याच्या मनात नसतं, पण आपण सोडतच नाही म्हणून. तसं दिलेलं परत कसं करायचं?

धाकटी

३ मार्च

चि. धाकटीस,

सलाम. हे पत्र मी तीनदा फाडलं. मुलांच्या वह्या तपासणाऱ्याला हे शोभत नाही.

आधी माझा हिशेब. तू माझ्याकडे जोडी मागितलीस त्याच पंधरवड्यात चिंगीनेही मागितली, जाता यावं म्हणून. मी दोघींना एकच वाक्य लिहून दिलं. मला वाटलं, मी कुणालाच दुखवत नाहीये. दोन्ही मागण्या माझ्या टेबलाशी येऊन एकमेकींना खोडतील आणि देवाला निर्णयाला मोकळीक राहील, अशीही एक पळवाट मी स्वतःला काढून दिली होती. विद्वत्तेचा उपयोग असल्या वेळी फार होतो.

आता तुझा प्रश्न. देव कंटाळतो का ते मला माहीत नाही. पण तुझं मागणं त्याने कंटाळून दिलेलं नाही, कारण ते त्याने दिलेलंच नाही. तुझी प्रार्थना टेबलावरून निघाली आणि वर पोचायच्या आत समोर बसलेल्या मुलीने ऐकली. तिने पुरी केली. चिंगीची निवड झाली होती. तिने नको म्हणून सांगितलं.

हे तुला कळवू नये असं तिने मला बजावलं होतं. तिलाही आजच लिहितोय की मामाने शब्द मोडला.

तिने असं का केलं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. उजवा हात समोर धर आणि बघ. मी तुझ्या अक्षराची दोनदा थट्टा केली आणि वर पेन पाठवलं. तू तेही चालतं म्हणून लिहिलंस. आपण दोघंही बाबांची मुलं शोभतो, त्यांना शेवटपर्यंत कमी दिसत होतं आणि ते दिव्याला दोष देत होते.

तू देवाला म्हणालीस, मुलगी जाऊ देऊ नकोस. ‘माझा हात कापतो, मला भीती वाटते’ असं त्याला एकदा तरी म्हणालीस का? मी विचारतोय, सांगत नाहीये. माझ्या शेपटीनेही तेच काम केलं. तू भीती लपवलीस, मी इच्छा लपवली. त्याच्यासमोर आपण दोघंही पाहुण्यासारखे बसलो.

आता काय करायचं ते मला कळत नाही. हात आधी चिंगीला दाखव. डॉक्टरला नंतर.

दादा

१९ मार्च

दादा,

सलाम. तीन दिवस तुझ्यावर चिडले होते. मग चिंगीवर चिडले. मग वर्कशॉपात पसारा फार झाला म्हणून थांबले.

हात दाखवला. ती म्हणाली, “मला ठाऊक आहे.” मी म्हटलं, “कधीपासून?” ती म्हणाली, “बसवाल्या काकांपासून.” मी म्हटलं, “त्यांचा पाय तर छान बसलाय.” त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला सगळं समजलं. बसवाले काका आता लंगडत नाहीत, पण मला पाहून रस्ता ओलांडतात. एवढा भिडस्त माणूस बस कशी चालवतो देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, हात जाणार नाही, पण थांबणारही नाही. मापं घेता येतील, माणसाला चालवून बघता येईल. घासकाम सोडा.

काल संध्याकाळी टेबलावर मी शेवटी म्हटलं. सगळं. हात कापतो, वर्कशॉप बंद पडेल याची धास्ती आहे, म्हातारपणी अर्ध्या कपाचा चहा एकटीने प्यायचा याची त्याहून धास्ती आहे, म्हणून पोरीला अडवत होते. ते म्हणता म्हणता मला आमचंच काम आठवलं. नवा पाय चढवला की माणूस उभा राहतो आणि आम्ही विचारतो, कुठे दुखतंय? जे सभ्यपणे ‘छान आहे’ म्हणतात ते महिन्याने जखम घेऊन परत येतात. जे ओरडतात त्यांचा पाय बसतो. पण ओरडून झाल्यावर आम्हाला घासू द्यावं लागतं. काही जण ओरडतात आणि हातही लावू देत नाहीत. मी त्यांतली. तू ‘छान आहे’वाला. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनेही आधी सांगितलं, हा दुःखाचा प्याला माझ्यापुढून काढ. मगच ‘तुझ्या मनात असेल तसं’ म्हणाला.

म्हणून मी शेपूट लावलं. तुझं नव्हे, माझं. म्हटलं, “मला ही इथे हवी आहे. तुला ती जिथे हवी असेल तिथे ने. मी धरणार नाही.” चिंगी आमेन म्हणाली नाही. रडली. बरं वाटलं, निदान खरं काहीतरी आलं.

आज सकाळी मी स्वतः हॉस्पिटलला फोन केला. म्हटलं, माझ्या मुलीने माझ्यासाठी नकार दिला होता, तो मी परत घेते. तिकडचे मोठे डॉक्टर म्हणाले, ती जागा गेली, दुसऱ्याला दिली. पण डोंगरात वर त्यांचा एक दवाखाना आहे, तिथे पत्र्याची शेड आहे आणि दुसरं काही नाही, कुणी जायला तयार नाही. चिंगी टेबलापलीकडे उड्या मारत होती. म्हणजे बघ, मी मागितलं तसं झालं नाही, तिने मागितलं तसं झालं नाही. एप्रिलच्या शेवटी निघायचं आहे.

आता वर्कशॉपला माणूस हवा. घासायला एक कारागीर मिळालाय, हात चांगला आहे, पण हा माणूस तोंड उघडत नाही आणि फोन उचलत नाही. प्लास्टर कालवणं, आल्यागेल्याशी बोलणं, घाबरलेल्या माणसाला हसवणं, याला कुणी हवं. त्यासाठी मी आणि चिंगी मागतोय. दोघी, एकमताने. नाव घातलेलं नाही.

धाकटी

२७ मार्च

चि. धाकटीस,

सलाम. पत्र वाचून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली सायकलवाला एका चाकाचा वाकडेपणा काढत होता. तो ते गोल फिरवतो, जिथे घासतं तिथे तार आवळतो, पुन्हा फिरवतो. मी तीस वर्षं त्या आवाजाला नावं ठेवली.

‘नाव घातलेलं नाही’ हे वाक्य मी व्याकरणाच्या सर्व नियमांनी तपासलं. निर्दोष आहे. त्यात मी कुठेच नाही, आणि सगळ्या वाक्यात माझ्याखेरीज कुणी नाही.

तुझ्या माहितीसाठी काही बाबी कळवतो. मला खिळा ठोकता येत नाही. गेल्या वर्षी ठोकला होता, त्यावर टांगलेलं कॅलेंडर जुलैतच खाली आलं. प्लास्टरचा मला अनुभव नाही. रक्त पाहिलं की बसावं लागतं. माझा शब्दकोश ‘प’पर्यंत आला आहे, आणि ‘प’ हा संस्कृतात संपता न संपणारा प्रकार आहे. तुमच्या घरात पूर्वेला खिडकी नाही, तिथे जिना आहे. शिवाय सकाळी मी नऊपर्यंत कुणाशी बोलत नाही, हा माझ्यावर नव्हे, लोकांवर उपकार आहे.

आणि मुख्य म्हणजे, माझंही एक मागणं तिकडे दाखल होतं, तुझ्या आधी. मला कुणी हलवू नये, एवढंच. आयुष्यभरात मी त्याला शेपूट न लावता मागितलेली ही एकच गोष्ट. आज तुझं पत्र हातात घेऊन मला कळलं की तिला लावायचंच राहून गेलं होतं. इतरांच्या प्रार्थनांना लावायला माझ्याकडे कायम शिल्लक असायचं.

मी विचार करतो. नवी जागा, नवं काम, माझं वय, या सगळ्याचा साकल्याने विचार करावा लागेल. तुम्ही मागत राहा. तुमच्या मागण्यात मी सामील आहे असं

ओळ अर्धीच सोडतो. ही मी आधी कुठेतरी लिहिली आहे.

ता. क. प्लास्टर कालवताना पाणी आधी घालतात की भुकटी?

दादा

२९ एप्रिल

दादा,

सलाम. पाणी आधी.

चिंगी काल गेली. आदल्या संध्याकाळी टेबलावर ती म्हणाली, “प्रभू, पत्र्याची शेड आहे, तेवढी मला पुरू दे, आणि आईला माणूस मिळू दे.” मी आमेन म्हटलं. इतक्या मोठ्याने की शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली. हात तेव्हाही कापत होता. चिंगीने तो धरून ठेवला, थांबवायला नव्हे, नुसता धरला.

मग ती म्हणाली, “मामाचं आमेन कुठाय?” आम्ही तुझी सगळी पत्रं काढून पाहिली. ‘मागेन’ आहे, ‘समज’ आहे, ‘विचार करतो’ आहे. आमेन एकदाही नाही. तिलाही नाही, मलाही नाही. बाबांनी उगाच पाठ थोपटली होती तुझी. तेव्हापासून तू गप्पच आहेस.

मी आग्रह करत नाही. डोळ्यांत पाणी आणून बोलवतही नाही, तो आपल्या घरचा प्रकार नव्हे. आहे ते सांगते. जिन्याजवळची खोली रिकामी केली आहे. पूर्वेला खिडकी नाही, पण वर्कशॉपला आहे, आणि सकाळी ऊन मापं घ्यायच्या टेबलावर येतं. शब्दकोश तिथे मावतो, मी मोजून पाहिलं. नऊपर्यंत तुझ्याशी कुणी बोलणार नाही, कारागीर तर नंतरही बोलणार नाही. पहिला माणूस साडेनऊला येतो. सोमवारी येणारी बाई शाळेत शिक्षिका आहे, अपघातानंतर पहिल्यांदाच उभी राहणार आहे. ती फार घाबरली आहे आणि कुणाला कळू देत नाही. तिला तुझ्यासारखंच सांगायची सवय आहे, छान आहे म्हणून. तुला ते ओळखता येईल.

येणार असलास तर कळव. नसलास तरी कळव. काय ते एका शब्दात.

धाकटी

२ मे

चि. धाकटीस,

आमेन.

दादा

ता. क. मागे काही लोंबत नाही. उलटसुलट करून पाहिलं.